सल्ल्याचं रजिस्टर

रायपुरात आपला आजार माझ्या मेहुण्यांइतका उघड्यावर वागवणारा दुसरा माणूस नाही, आणि हे मी अंदाजाने सांगत नाही. भनपुरीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर मी चोवीस वर्षं बसतो आहे. ट्रक रिकामा येतो त्याचं वजन, भरून जातो त्याचं वजन, आणि दोन्ही पावत्यांवर माझी सही. अंदाज हा शब्द मला लागत नाही. गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नात मी सरळ मोजलं. नवरदेव मांडवात यायच्या आत मेहुण्यांनी अकरा जणांना सांगून टाकलं होतं, "मी डिप्रेशनचा पेशंट आहे," आणि त्या अकरापैकी एकानेही विचारलं नव्हतं. बारावा मुलीचा काका होता. त्याने आपण होऊन आपली शुगर सांगितली, तेव्हा मेहुण्यांनी त्याचा हात हातात घेऊन, जुना दोस्त भेटल्यासारखं म्हटलं, "व्वा! तुमची शुगर, माझं मन. बसा बाप्पा, बसा. गोळी तुम्ही जेवणाआधी घेता का नंतर?"

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं खरं नाव इथे देत नाही. त्यांची हरकत आहे म्हणून नव्हे. मी लिहायला घेतलं तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "नाव मोठ्या अक्षरात टाका जवाईबापू, अन् खाली गोळीचं नाव बी टाका." गोळीचं नाव ज्याचं त्याच्या डॉक्टरने सांगावं, आणि एक नाव टाकून दुसरं गाळलं तर ते भांडतील, म्हणून दोन्ही गाळतो.

दादांची नोकरी रेल्वेत, मालगाडीचे डबे तपासण्याची. एकतीस वर्षं ते लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या रांगेतून चालले. चाकावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं की डब्यावर खडूने 'सिक' लिहायचं, तो डबा गाडीतून कापायचा आणि बाजूच्या रुळावर घ्यायचा. त्या रुळाला रेल्वेत सिक लाइनच म्हणतात. तिथे दुरुस्ती झाली की 'फिट' लिहायचं आणि डबा पुन्हा गाडीला. दादा सांगतात, एकतीस वर्षांत एकही डबा सिक लाइनीवर जायला लाजला नाही, आणि शेजारचे डबे काय म्हणतील असं एकाही डब्याने विचारलं नाही.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना एका सकाळी दादा रांगेच्या तोंडाशी उभे राहिले आणि पहिल्या चाकापाशीच थांबले. हात उचलेना. ताप नाही, दुखणं नाही, घरात भांडण नाही, नोकरीत ठपका नाही. दहा मिनिटं ते चाकाकडे बघत उभे होते. साहेबांनी येऊन विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, माझ्यावर सिक लिहा." साहेबांना ती थट्टा वाटली. दादांनी खिशातला खडू काढून त्यांच्या पुढे धरला तेव्हा साहेबांनी गाडी मागवली.

पुढचे तीन महिने आमच्या नातेवाइकांनी कारणं शोधण्यात घालवले. कोणी म्हणे घर दक्षिणमुखी आहे, कोणी म्हणे रेल्वेच्या पाण्यात लोह जास्त आहे. एका आत्याबाईंनी गावाकडचा बैगा, म्हणजे मांत्रिक, बोलावून झाडफूंक करायचा बेत ठरवला. सकाळी फिरायला जा, रात्री दूध घ्या, मन रमवा, देवाचं करा, चांगलं चांगलं आठवा. दादा पांघरुणात पडून सगळं ऐकत होते. पुढे समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडलं आणि ते उठून बसले. उठल्यावर त्यांनी पहिली दाढी केली आणि दुसरं, बाजारात जाऊन एक लांबट, लाल कापडी पाठीचं रजिस्टर आणलं. त्यात पट्टीने रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, सल्ला देणाऱ्याचं नाव, शिक्षण, सल्ला, सही.

ते रजिस्टर ही दादांची रायपूर शहराला सर्वांत मोठी देणगी आहे. कोणी सल्ला द्यायला तोंड उघडलं की दादा शांतपणे पिशवीतून रजिस्टर काढतात, पेनाचं टोपण उघडतात आणि म्हणतात, "लिहून द्या." सकाळी बागेत फिरणाऱ्या मंडळींत एक निवृत्त गृहस्थ आहेत, आवाज भरदार. ते म्हणाले, "अहो, हे सगळं मनाचे खेळ असतात. मी तर कधी डिप्रेशन होऊच दिलं नाही." दादांनी रजिस्टर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "लिहून द्या. शिक्षणाच्या रकान्यात काय टाकून राहिले? तारीख बी टाका. उद्या मले काही झालं तर डॉक्टरीणबाईले दाखवाव लागन, सल्ला कोणाचा होता म्हणून." गृहस्थांना एकदम घरी नळ चालू राहिल्याचं आठवलं. त्यानंतर ते बागेला उलट्या दिशेने फेरी मारतात. त्यामुळे दर फेरीला दोनदा दादांच्या समोर येतात, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पंडरीच्या कापडबाजारात मी स्वतः हजर होतो. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या दुसऱ्या एका लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही सकाळी सकाळीच गेलो होतो. गादीवर बायका, समोर साड्यांचा ढीग. दादांनी घड्याळ बघितलं आणि दुकानदाराला म्हणाले, "भैया, पानी मंगाना. दवाई का टाइम हो गया." दुकानदाराने आदराने विचारलं, "बीपी की, दादाजी?" दादा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "नहीं, उदासी की." हातातली साडी तशीच धरून एक बाई बघत राहिली. दादांनी गोळी घेतली, पाणी प्यायले, ग्लास परत दिला. म्हणाले, "हव, अब दिखाओ, वो हरी वाली." आम्ही चार साड्या घेऊन निघालो तेव्हा दुकानदार दारापर्यंत आला. हळूच दादांना म्हणाला, "दादाजी, डॉक्टर का पता..." दादांनी पत्ता मोठ्याने सांगितला. मी त्यांना कोपराने ढोसलं. दादा म्हणाले, "काहून? पत्ता काय चोरीचा हाये?"

डॉक्टरीणबाई मूळच्या अमरावतीच्या, वयाने दादांच्या मुलीएवढ्या. पहिल्याच वेळी दादांनी त्यांचीच तपासणी घेतली. औषध कशावर काम करतं, किती दिवसांनी, नाही केलं तर पुढे काय, थांबवायचं कधी. त्यांनी एकेक उत्तर दिलं. म्हणाल्या, औषधाला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळेल, घाबरू नका. नुसत्या गोळीने भागायचं नाही, रोज एक छोटं काम ठरवून करायचं, मन असो नसो. मन आधी येईल आणि मग काम होईल अशी वाट बघायची नाही; बहुतेक वेळा काम आधी होतं आणि मन मागून येतं. आणि डोक्यात जे विचार येतात ते कागदावर काढायचे, त्यांना पुरावा मागायचा. हे शेवटचं ऐकून दादा खूश झाले. "म्हणजे विचाराले बी लेखी मागायचं! डॉक्टरीणबाई, तुम्ही रेल्वेत पाह्यजे होत्या." पुढे उठून बसल्यावर रजिस्टर आणलं, ते त्यांनी सगळ्यांत आधी बाईंपुढेच केलं. बाईंनी हसून सगळे रकाने भरले आणि सही केली. सल्ला एका ओळीचा: औषध रोज, आणि बंद करायचं तेव्हा मला विचारून.

मी हे सगळं दुरून बघत असे. दादांचा मला अभिमान होता, पण तो शेजारच्या घरच्या अभिमानासारखा. आपल्या घरात ते लागेल असं मनात नव्हतं.

आमची मुलगी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी तिचं कॉलेज आठवड्यातून एखादा दिवस बुडू लागलं. मग दोन दिवस. सकाळी ती तयार व्हायची, बॅग घ्यायची, फाटकापर्यंत जायची आणि परत फिरायची. तिचे हात बर्फासारखे गार पडत, छातीत धडधडे, श्वास पुरत नसे. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक. मग तिने फाटकापर्यंत जाणंही सोडलं. उजाडलं तरी पांघरूण डोक्यावर. विचारलं तर भिंतीकडे तोंड करून हिंदीत एवढंच म्हणायची, "मन नहीं करता, पापा." आमच्या घरात मुलीशी आम्ही मराठी बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते, ते वर्षानुवर्षांचं आहे. पण आता उत्तरंही तीन शब्दांवर आली होती.

मला जे येतं ते मी केलं. वही घातली. किती वाजता उठली, किती पोळ्या खाल्ल्या, किती वेळा बाहेर आली. अठ्ठावन्न दिवसांची वही माझ्याकडे आहे. पोळ्या तीनवरून दीडवर आल्या, दीडवरून अर्ध्यावर. मी रोज आकडा लिहायचो आणि वही कपाटात ठेवायचो. बायको म्हणाली, "दादाला सांगू या का?" मी म्हटलं, "खबरदार. दादांना सांगितलं म्हणजे पंडरीच्या दुकानात सांगितल्यासारखं होईल. मुलीचं लग्न व्हायचं आहे." बायको स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी तिने माझ्या पानात मीठ वाढलं नाही. ते विसरून नव्हतं.

एकोणसाठाव्या दिवशी, रविवारी, दादा आपण होऊन आले. फाटकाच्या लोखंडी गजावर काठीने तीन वेळा ठोकायचं, ही त्यांची जुनी खूण. आत आले, मुलीच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि बाहेरूनच म्हणाले, "काय गं पोट्टी, कशी आहेस?"

"ठीक हूँ, मामा," आतून आवाज आला.

दादा तिथेच उभे राहिले, मान थोडी कलती करून, डोळे मिटून. मग बैठकीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून? ठीक म्हणाली की ती."

"शब्द कोण ऐकून राहिलं, जवाईबापू? आवाज बद्द आहे. केव्हापासून?"

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दोन महिने झाले, दादा." आणि पदर तोंडाला लावून रडली. अठ्ठावन्न दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तो रकाना मी वहीत केलाच नव्हता.

दादा उठले. "चला. उद्या समता कॉलनी. मी नंबर लावतो."

मी म्हटलं, "दादा, घाई नको. वयच असं असतं. अभ्यासाचा ताण आहे. थोडे दिवस थांबू, आपोआप ठीक होईल."

दादांनी पिशवीत हात घातला.

लाल कापडी पाठीचं रजिस्टर माझ्यासमोर टीपॉयवर आलं. पेनाचं टोपण निघालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रजिस्टरच्या या बाजूला बसलो होतो. दादा एवढंच म्हणाले, "लिहून द्या. थोडे दिवस थांबू, आपोआप ठीक होईल. तारीख टाका. सही करा. मग मी चाललो घरी, तुमच्यात बोलणार नाही."

मला राग आला. जावयाला असं करतात? मी पेन घेतलं, तारीख टाकली आणि वरच्या ओळी सहज नजरेखाली घातल्या. पानामागून पानं होती. दादांनी स्वतः भरलेली नावं, त्यांनीच उतरवून घेतलेले सल्ले, आणि सहीचा रकाना रिकामा, रिकामा, रिकामा. एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांनी सांगितलं, आणि खाली सही करायला एक माणूस तयार झाला नव्हता. सह्या फक्त दोन होत्या, त्या पहिल्या पानावर. एक डॉक्टरीणबाईंची. तिच्या बरोबर खाली दुसरी, दादांच्या वळणदार अक्षरात: 'आता पूर्ण बरा आहे. मी स्वतःस फिट देत आहे. औषध आजपासून बंद.' खाली तारीख, पूर्ण सही. आणि त्या ओळीवर, दहा आठवड्यांनंतरच्या तारखेने, लाल शाईत त्यांचंच अक्षर: 'चुकीचा सल्ला.'

दादा दुसऱ्यांदा आजारी पडले होते ते मला ठाऊक होतं. पहिल्यापेक्षा वाईट होतं ते. दादांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, तीन आठवडे घरातली दोरी, फिनाइल, सगळं कुलपात ठेवलं होतं. पण ते का झालं, हे आजवर कोणी बोललं नव्हतं. पान माझ्यासमोर होतं आणि दादा दुसरीकडे बघत होते.

"डबा फिट झाला का खडूचं सिक पुसतात," ते म्हणाले, "तसंच मले वाटलं. डॉक्टरीणबाईनं मंग विचारलं, दादा, फिट झालेल्या डब्यावर पुढच्या तपासणीची तारीख रंगवता का नाही? एकतीस वर्षं ती तारीख मी वाचली, जवाईबापू. अन् माझीच नाही वाचली."

मी पेन धरून होतो. माझी सही मला माहीत आहे. चोवीस वर्षांत काट्याचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी न बघता मी ती एकदाही केलेली नाही. मालकाच्या भावाने सांगितलं तरी नाही. आणि 'आपोआप ठीक होईल' हे वजन मी कुठल्या काट्यावर घेतलं होतं? कपाटातल्या वहीत तर उलटंच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात, तीनवरून अर्ध्यावर. मी पेनाला टोपण लावलं. म्हटलं, "नंबर लावा, दादा."

दुसऱ्या दिवशीच्या रजेच्या अर्जात कारणाच्या जागी घरगुती काम लिहायची आमच्या मिलमध्ये पद्धत आहे. मी लिहिलं, मुलीला मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यायचं आहे. मॅनेजरने मला आत बोलावून दार लोटलं. म्हणाले, "भाऊ, ये लिखना जरूरी था क्या?" मी म्हटलं, "सर, कांटे पे जो दिखता है वही लिखता हूँ." ते वाक्य माझं होतं, पण आवाज दादांचा होता हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. आणि सांगायला हरकत नाही, मला ते फार आवडलं.

डॉक्टरीणबाईंनी माझी वही पानन् पान वाचली. म्हणाल्या, "एवढ्या नेमक्या नोंदी मला कोणी आणून देत नाही. फक्त अठ्ठावन्न दिवस उशिरा आणल्यात." मुलीला त्यांनी जे सांगितलं ते दारापाशी बसून मीही ऐकलं. घरात धूर नसताना धोक्याची घंटा वाजावी, तसं तिच्या शरीराचं झालं होतं. घंटा खरी, आग खोटी. आणि दर वेळी फाटकातून परत फिरलं की शरीराला वाटतं, बघा, आग होतीच, पळालो म्हणून वाचलो. म्हणून पायऱ्या. पहिले तीन दिवस फाटकात उभं राहायचं, धडधड वाढेल, वाढू द्यायची, पळायचं नाही; ती आपली आपण उतरते. मग कोपरा. मग बसचा थांबा. मग कॉलेजचं फाटक, आत न जाता. सोबत एक छोटी गोळी, आणि दर आठवड्याला एक तास बोलणं.

पायऱ्यांचं काम दादांनी अंगावर घेतलं. कोपऱ्याच्या पहिल्या दिवशी ते तिथे आधीच जाऊन उभे होते. मुलगी फाटकातून निघाली, हात गार, ओठ पांढरे, आणि कोपऱ्यावर बघते तर मामा निवृत्तीच्या वेळी उचलून आणलेलं हिरवं निशाण हलवत आहेत, आणि रस्त्यावरच्या रिक्षा थांबून बघत आहेत. "मामा, प्लीज, बंद करो!" ती ओरडली आणि हसली. दोन महिने आणि काही दिवसांनी हसली. मी वहीत वेळ लिहिली: सात वाजून चाळीस मिनिटं.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या दादांवर रागावल्या. "दादा, तुम्ही उभे राहिलात की तिला वाटणार, मामा होते म्हणून जमलं. तिला एकटीने जाऊ द्या." दादांनी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावर नसायचे. पानठेल्याच्या मागे असायचे. ठेल्याला पाठ लावून, निशाण शर्टाच्या आत कोंबून, आणि ठेलेवाल्याला सांगत, "तू देखते रह, पहुँची क्या? पहुँची?" ती पोचली की ते दोन पानं घ्यायचे. दादा पान खात नाहीत.

ती ठीक झाली, पण सरळ रेषेत नाही. गोळी एकदा बदलली, मधे पंधरा दिवस पुन्हा पांघरूण, एक वर्ष हातचं गेलं. नातेवाइकांना कळलंच. एका मावशींनी बायकोला फोन करून सांगितलं की अशा गोष्टी बोलायच्या नसतात, पोरीच्या जातीला डाग लागतो. बायको म्हणाली, "मावशी, दादाचं रजिस्टर पाठवते, तेवढं सहीनिशी लिहून द्या." आमच्या घरात आता ही रीतच पडली आहे. हा लेखही मी मुलीला विचारून लिहितो आहे. ती म्हणाली, "लिखो पापा. जिसको रिश्ता तोड़ना है, पहले तोड़ ले, अपना टाइम बचेगा." ती आता एमएस्सीला आहे. तिच्यासाठी स्थळं येतात तेव्हा मी चहाच्या आधी सांगतो. दोन घरं चहा न घेता गेली. चहा वाचला.

खरं तर लेख मी इथेच थांबवणार होतो. पण मागच्या महिन्यात, गुरुवारी, मी दादांना फोन केला.

वहिनी चार महिन्यांपूर्वी गेल्या. तेरवीनंतरही दादा हिंडत होते, गोळी वेळेवर घेत होते, बागेत त्या गृहस्थांना दर फेरीला दोनदा नमस्कार करत होते. मी विचारलं, "काय दादा, कसं काय?"

"बढिया," ते म्हणाले. "एकदम बढिया, जवाईबापू."

मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिलो. शब्दात काही कमी नव्हतं. दादा नेहमी बढियाच म्हणतात. मुलीने विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "काही नाही. आवाज बद्द आहे." तिने चप्पल घातली.

आम्ही गेलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. दादा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. दाढी वाढलेली. औषधाच्या डबीत गोळ्या होत्या, म्हणजे घेतल्या जात नव्हत्या. पाच दिवसांच्या. मी मोजल्या. मी म्हटलं, "दादा, चला, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

ते भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "तुमची वहिनी गेली. आता हे तर होणारच ना बाप्पा. याले काय औषध राहते? थोडे दिवस थांबू. होईल आपोआप."

दुःख खरं होतं, त्याला मी कुठल्या रकान्यात घालणार? मुलगी कपाटाकडे गेली. वरच्या फळीवरून लाल कापडी पाठीचं रजिस्टर काढलं, त्यावरची धूळ ओढणीने पुसली, कोरी ओळ शोधली आणि तारीख टाकली. मग पलंगाच्या कडेला बसून तिने ते मामाच्या उशीपाशी ठेवलं, पेनाचं टोपण उघडलं आणि मराठीत म्हणाली, माझ्याशीही ती इतकी सलग मराठी बोलत नाही, "मामा, लिहून द्या. थोडे दिवस थांबू, होईल आपोआप. सही करा. मग मी चालली घरी."

दादा वळले. रजिस्टरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. पेन हातात घेतलं. बाहेर गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. मग त्यांनी हळूच टोपण लावलं.

"पोट्टी," ते म्हणाले, "माझा चष्मा पाह्य कुठी आहे."

स्कूटरवर ते माझ्या मागे बसले, आणि तिची गाडी आमच्या मागे. दवाखान्यात नंबरची वाट बघताना दादांनी शेजारच्याला काय आजार आहे ते विचारलं नाही, गोळी जेवणाआधी का नंतर तेही नाही. नुसते बसून होते, पाठ भिंतीला टेकून, आणि रजिस्टर मुलीच्या मांडीवर. कंपाउंडरने दादांचं नाव पुकारलं. पूर्वी ते उभे राहून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं "हाजिर" म्हणायचे. या वेळी मुलगी उभी राहिली आणि तिने म्हटलं, तेवढ्याच मोठ्याने.

औषधाचा आता चौथा आठवडा चालू आहे. काल फाटकावर काठी वाजली, पण एकदाच. ते रजिस्टर सध्या आमच्याकडे आहे. त्यात दोन ओळी अशा आहेत की ज्यांवर नुसती तारीख आहे, पुढे काही नाही. एक माझी, एक त्यांची. बाकी सगळ्या नोंदी मी तपासल्या, जुळतात. या दोन तशाच ठेवल्या आहेत.